आकाशातली स्टेपनी

स्टेपनी ह्या वस्तूवर मराठीत कोणी चार ओळी लिहिल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. चंद्रावर लिहून झाले, पावसावर लिहून झाले, प्राजक्तावर तर इतके लिहून झाले की सकाळी झाडाखाली फुलांपेक्षा कवीच जास्त पडलेले दिसावेत. पण गाडीच्या डिकीत, जॅकच्या शेजारी, जुन्या गोणपाटाखाली वर्षानुवर्षे मुकाट्याने पडून असलेल्या त्या पाचव्या चाकाकडे कोणा प्रतिभावंताचे लक्ष गेले नाही.

वास्तविक त्या चाकाचे घराणे चांगले आहे. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे आणि तिथे स्टेपनी नावाचा रस्ता आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक मिळत नसे. पंक्चर झाले की साहेबाने कोट काढून रस्त्यावर बसायचे आणि ट्यूबला ठिगळ लावायचे. १९०४ च्या सुमारास त्या रस्त्यावरच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर आवळून बसवता येईल असे हवा भरलेले एक तयार चाक काढले आणि त्याला रस्त्याचेच नाव देऊन टाकले. पुढे इंग्रज ते नाव विसरला. आपण विसरलो नाही. कळंबोलीला ट्रकच्या क्लीनरला लानेली कुठे आहे विचारा, तो तुम्हाला मुंब्र्याच्या पुढे म्हणून सांगेल. पण स्टेपनी विचारा, डोळे मिटून हात लावील.

आमचे पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. बैलगाडीला मात्र स्टेपनी नसते. चाक मोडले की गाडीवान बैल सोडतो, विडी पेटवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करीत बसतो. चाकांच्या गावाने जादा चाकाचा विचार केला नाही, कारण बैलगाडी बंद पडली तरी जमिनीवरच पडते. विमानाचे तसे नाही.

विमानाचा विषय निघण्याचे कारण माझा मेहुणा. हा ओहायोत असतो आणि तिथे त्याचा एका विमानात पाव हिस्सा आहे. पाव हिस्सा म्हटल्यावर आमचे हेडकॅशिअर म्हणाले, "म्हणजे पंख त्याचा का शेपूट?" पण तसे नाही. आजोळी विहिरीत चार भावांचा पाव-पाव हिस्सा असतो आणि पाळी लावून पाणी काढतात, तसाच हा प्रकार. चौघांनी मिळून १९७५ सालचे एक सेसना १७२ घेतले आहे. चार माणसे बसतात, एक इंजिन, एक पंखा. हे मॉडेल १९५६ पासून विकले जाते आहे आणि आजवर चव्वेचाळीस हजारांच्या वर बनले आहे. दुसरे कुठलेही विमान एवढ्या संख्येने बनलेले नाही. थोडक्यात, ही विमानांतली लाल डब्याची एस.टी. आहे.

तर ह्या विमानात दोन रेडिओ आहेत. पहिला नवा, काचेवर अक्षरे उमटणारा. दुसरा विमानाच्याच वयाचा, बोटांनी फिरवायच्या खुंट्यांचा. हा दुसरा बदलून नवा घ्यावा की नाही, ह्यावर चौघा हिस्सेदारांत सहा महिने वाद चालला होता. शेवटी मेहुण्याने दुकानदाराचे कोटेशन आणि चौघांचे म्हणणे असा सगळा जुडगा मला पाठवला. "भाऊजी, तुम्ही बी.कॉम., त्यात बँकेत. पैशाचं तुम्हीच सांगा," असा निरोप. हलवायाला मधुमेहाचे औषध विचारण्यासारखेच हे. पण सासुरवाडीकडून आलेला कागद परत करायची आमच्या घरी पद्धत नाही. तेव्हा समीक्षणार्थ पोचलेल्या पुस्तकाकडे बघावे तसे मी त्याच्याकडे बघायचे ठरवले.

प्रथम दुसरा रेडिओ म्हणजे काय ते सांगायला हवे. एकावर गाणी आणि दुसऱ्यावर बातम्या असा प्रकार नाही. आपल्या घरच्या एफ.एम.चा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. त्याच्या वर ११८ पर्यंतची जागा दिशा दाखवणाऱ्या यंत्रांची, आणि ११८ पासून १३७ पर्यंतची विमानांच्या बोलण्याची. ह्या पट्ट्यात प्रत्येक टॉवरला आपापला आकडा दिलेला असतो. तो लावायचा, बटण दाबायचे, बोलायचे, बटण सोडायचे आणि ऐकायचे. टॉवरशी एका रेडिओवर संबंध राखून दुसऱ्यावर विमानतळाचे हवामान ऐकता येते. किंवा दुसरा १२१.५ वर ठेवता येतो. तो संकटात सापडलेल्यांचा आकडा. आणि पहिला बंद पडलाच तर दुसरा आहे, हा तिसरा उपयोग. खरे तर लोक दुसरा रेडिओ ठेवतात तो ह्या तिसऱ्यासाठीच, कारण संकट दुसऱ्यावर येते ह्यावर कोणाचाच विश्वास नसतो.

आता कोटेशन. हा साहित्यप्रकार आमच्या रोजच्या वाचनातला आहे. त्याची रचना ठरलेली असते. पहिल्या ओळीत नायक येतो आणि त्याला विशेषणे लावलेली असतात. मधल्या ओळींत सटरफटर पात्रे: कंस, तारा, स्क्रू. शेवटच्या ओळीत मजुरी नावाचा खलनायक येतो आणि नायकाएवढाच भाव खाऊन जातो. ह्या कोटेशनमध्येही तसेच आहे. नायक बारीक, हलका, जुन्यापेक्षा निम्म्या विजेवर चालणारा. सगळे धरून साडेपाच हजार डॉलर, म्हणजे आपले जवळजवळ पाच लाख. भाषा आटोपशीर, व्याकरण शुद्ध, बेरीज मी दोनदा करून पाहिली, बरोबर आहे.

दोष एकच, पण मोठा. ह्यात नायकाचे वर्णन भरपूर आहे, गोष्ट काहीच नाही. जुन्या रेडिओला झाले आहे काय? तो ऐकू येत नाही, की बोलत नाही, की बोलतो पण खरखरतो? त्याच्या अँटेनाची तार पन्नास वर्षांची आहे, तिच्या जोडांवर गंज आहे की नाही? ह्याचा उल्लेखच नाही. पेशंटला न तपासता लिहिलेले प्रिस्क्रिप्शन आहे हे. रेडिओ नवा आणून जुन्याच कुजक्या तारेला जोडला, तर पाच लाखांची खरखर ऐकायला मिळेल, आधी ती फुकट होती.

आता हिस्सेदारांचे म्हणणे. पहिले गृहस्थ दाताचे डॉक्टर. त्यांचे मत, रेडिओ बदललाच पाहिजे. नव्या रेडिओखाली तो जुना म्हणजे सोन्याच्या दाताशेजारी किडका. उपमा म्हणून मी पूर्ण गुण देतो. युक्तिवाद म्हणून देता येत नाहीत. विमानाच्या आतला भाग सुंदर दिसावा ही इच्छा चांगली आहे, पण ती रंगकामाच्या खात्यात जाते, सुरक्षिततेच्या खात्यात नव्हे. एका खात्याचा खर्च दुसऱ्या खात्यात टाकला की आमच्याकडे इन्स्पेक्शनला उत्तर द्यावे लागते.

दुसरा माझा मेहुणा. हा संगणकवाला. त्याचे म्हणणे, वस्तू जुनी झाली म्हणजे बदलायची, कारण विचारायचे नसते. तो सांगतो की जुन्या रेडिओंत आकडे विरळ होते. ९० होते, मग ३६० झाले, ७२० झाले, ७६० झाले. आणि युरोपात आकाश इतके बोलके झाले की एकेका जागेचे तीन तुकडे करून, २०१८ पासून बहुतेक विमानांना तसे रेडिओ सक्तीचे केले. हे सगळे खरे आहे. पण हे चौघे युरोपात जात नाहीत. हे शनिवारी साठ-सत्तर मैलांवरच्या धावपट्टीवर उतरून पाव-अंडे खातात आणि परत येतात. शिवाय दुसऱ्या रेडिओचा पहिला उपयोग, म्हणजे टॉवरशी बोलता बोलता दुसरीकडे कान ठेवणे, तो ह्यांचा नवा पहिला रेडिओ एकटाच करतो, तशी सोय त्यात आहे. त्या कामासाठी दुसरा नवा घेणे म्हणजे मोबाइलमध्ये घड्याळ असताना भिंतीवर दोन घड्याळे लावणे.

तिसरे एक सेवानिवृत्त शिक्षक. त्यांचे मत, काहीच करू नका. पूर्वीची माणसे रेडिओशिवायच उडत होती. हे मत मला फार जवळचे वाटले, कारण आमच्याकडेही प्रत्येक आळीत असे एक शिक्षक आहेत. आणि त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पस मॉथ जातीच्या लहानशा विमानातून निघाले, अहमदाबादला पेट्रोल घेतले आणि जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. एकही नव्हता, मग दुसऱ्याची गोष्टच सोडा. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले होते तेही बैलगाडीतून. ह्या देशात पहिला वैमानिकाचा परवाना मिळवलेला तो माणूस, परवान्याची तारीख १० फेब्रुवारी १९२९. पुढे १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तीच वाट जवळजवळ तशाच जुन्या विमानातून पुन्हा उडून दाखवली. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे.

परंतु १९३२ च्या आकाशात जे.आर.डीं.ना वाटेत भेटणार होते कोण? घारी. आज आमच्या पनवेलला शेजारी बघा. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नव्या विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमाने सुरूही झाली. पूर्वी आम्ही गच्चीवर पापड वाळत घालताना कावळा बघायचो, आता एअरबस बघतो. अशा गजबजलेल्या आकाशात मुक्याने शिरणे म्हणजे संध्याकाळी सहा वाजता पनवेल स्टँडात डोळे बांधून शिरण्यासारखे आहे. तेव्हा गुरुजींचा इतिहास बरोबर, निष्कर्ष शिळा.

चौथा हिस्सेदार प्लंबर. त्याचे म्हणणे मेहुण्याने सगळ्यांत शेवटी, दीड ओळीत उरकले होते. माझ्या मते ह्या सबंध वाङ्मयात तेवढीच दीड ओळ टिकणारी आहे. तो म्हणाला, एकाच टाकीला दोन नळ लावले तर टाकी रिकामी झाल्यावर दोन्ही नळ कोरडेच राहतात.

हे वाक्य वाचून मी खुर्चीवर सरळ बसलो. कारण ही गोष्ट मी आमच्या शाखेत प्रत्यक्ष पाहिली आहे. हल्ली बँकेचे सगळे काम तारेवर चालते. तार तुटली की पासबुकात ओळ उमटत नाही आणि काउंटरवर ग्राहकांच्या तोंडून मात्र नको ते सगळे उमटते. म्हणून वरच्यांनी शहाणपणाने दोन कंपन्यांच्या दोन तारा घेतल्या. एक मुख्य, एक राखीव. राखीव तारेचे भाडे आम्ही दर महिन्याला भरत होतो आणि तिच्या जिवावर निर्धास्त होतो. एके सोमवारी शाखेसमोर जेसीबी आला, त्याने रस्त्याला एक चर पाडला आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही तारा एकदमच वर आल्या, एकमेकींना गुंडाळलेल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. दोन्ही कंपन्यांनी एकाच खड्ड्यातून नेल्या होत्या. कागदावर दोन तारा होत्या. जमिनीखाली खड्डा एकच होता. त्या दिवशी पेन्शनरांच्या रांगेने मला राखीव ह्या शब्दाचे जे अर्थ ऐकवले, ते कोशात नाहीत.

विमानातही हेच आहे. एका इंजिनाच्या अशा लहान विमानात वीज करणारे यंत्र एक आणि बॅटरी एक. दोन्ही रेडिओ त्याच बॅटरीवर. दोघांचा आवाज त्याच एका पेटीतून वैमानिकाच्या कानाला जातो. वीज गेली तर पाच लाखांचा नवा दुसरा रेडिओ आणि पन्नास वर्षांचा जुना दुसरा रेडिओ ह्यांत फरक एवढाच, की नवा जास्त चकचकीतपणे बंद पडतो.

मी हे सगळे मोठ्याने वाचत होतो आणि सौभाग्यवती मटार सोलत होती. तिने मान वर न करता विचारले, "अहो, पण वीज गेली तर विमान पडेल ना?"

तिचा भाऊ त्याच्या दोन मुलींना मागे बसवून उडतो, तेव्हा प्रश्न उगाच नव्हता. मी तिला सांगितले, पडत नाही. ह्या इंजिनाला ठिणगी पाडायला बॅटरी लागतच नाही. वीज गेली तर दिवे जातील, रेडिओ जातील, पण इंजिन चालत राहील. विमान फक्त मुके होते. मुक्या विमानाशी टॉवर दिव्याने बोलतो. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घाल. लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नकोस. वैमानिकाने दिवसा पंख हलवून 'समजले' म्हणायचे.

"रेल्वेसारखंच की," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण दिवा दिसेपर्यंत त्याच्या मनात काय होत असेल?"

ह्या प्रश्नाला कोटेशनमध्ये ओळ नव्हती. चौघांच्या मतांतही नव्हती. राखीव वस्तूचा खरा ग्राहक कोण, तर त्या मधल्या काही मिनिटांतला माणूस. ढग खाली येत आहेत, मागच्या सीटवरून "बाबा, काय झालं?" असे कोणी विचारते आहे, पहिल्या रेडिओची काच काळी पडली आहे, आणि हात दुसऱ्याकडे जातो आहे. त्या हाताला त्या क्षणी नवे-जुने कळत नाही. तो लागतो का नाही, एवढेच कळते.

आणि गंमत अशी, की ह्याचे उत्तर त्याच विमानाच्या नाकाखाली होते. मघाशी म्हटलेली ठिणगी पाडणारी वस्तू, तिला मॅग्नेटो म्हणतात. इंजिन फिरते तसा तो आपली वीज आपणच तयार करतो. असे दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग. म्हणजे इथेही एक आणि दुसरा आहेच. पण त्यांतला कोणीही स्टेपनी नाही. दोघेही रोज कामावर असतात. आणि प्रत्येक उड्डाणाच्या आधी, धावपट्टीच्या तोंडाशी, वैमानिक त्यांतला एक बंद करून दुसऱ्यावर इंजिन चालवून बघतो, मग दुसरा बंद करून पहिल्यावर. इंजिनाचे फेरे ठरलेल्यापेक्षा जास्त उतरले तर विमान परत फिरते. ही तपासणी कोणी 'नंतर बघू' म्हणून सोडत नाही.

रेडिओच्या बाबतीत ही चौघे माणसे काय करतात? पहिला लावतात, उडतात, उतरतात, पहिला बंद करतात. दुसऱ्याला शेवटचे कधी बोलायला लावले होते, असे मी फोनवर मेहुण्याला विचारले. समुद्रापलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मला वाटले लाइन गेली. मग म्हणाला, "बहुतेक आदल्या वर्षी, भाऊजी."

हेच ते. आपण सगळे राखीव वस्तूंना असेच वागवतो. झिजलेला टायर स्टेपनीत, जुनी गादी पाहुण्यांना, फुटका कंदील माळ्यावर. वस्तू कामाची राहिली नाही म्हणून आपण तिला राखीव करतो आणि मग संकटात तिने कामाला यावे अशी अपेक्षा ठेवतो. लॉकरच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, पण रोज दोन्ही लावल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून दोन्ही किल्ल्या तेलपाणी होऊन तयार असतात. एक किल्ली पाच वर्षांतून एकदा लावायची असती, तर ती आज बँकेत कोणाला सापडली नसती.

पैसे खर्चूनही जे मिळत नाही तेही सांगून ठेवतो. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांवर, तेनेरीफच्या विमानतळावर, धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. एक उड्डाणासाठी धावत होते, दुसरे त्याच धावपट्टीवर अजून चालत होते. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे, की टॉवरचा थांबायला सांगणारा निरोप आणि 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' हा दुसऱ्या विमानाचा निरोप एकाच क्षणी हवेत गेले, आणि धावणाऱ्या विमानात ऐकू आली ती एक लांब शिट्टी. विमानांच्या रेडिओचा हा गुण आहे: एका आकड्यावर दोघे एकदम बोलले की दोघांचेही ऐकू येत नाही. त्या विमानांत रेडिओ कमी नव्हते. दहा असते तरी दहांवर शिट्टीच आली असती. म्हणून बोलण्याआधी क्षणभर थांबून ऐकणे, आणि न कळलेले पुन्हा विचारणे, ही दोन उपकरणे वैमानिकाने घरूनच नेलेली बरी. ती कुठल्या कोटेशनमध्ये मिळत नाहीत. आमच्या कॅश काउंटरवरही "किती म्हणालात?" असे दोनदा विचारण्याची पद्धत आहे, तिला लोक बहिरेपणा म्हणतात. ते सावधपण असते.

तेव्हा समीक्षकाचा अभिप्राय, शाखेत लिहितो तसा.

एक: कोटेशन तूर्त फाइलला लावावे. आधी जुन्या रेडिओची, त्याच्या अँटेनाची, तारेची आणि जोडांची तपासणी करून घ्यावी. रेडिओ आजच्या नियमांत बसत नसेल किंवा त्याचे सुटे भाग मिळत नसतील, तरच बदलावा. तेव्हाही जुन्याच खोक्यात सरकवून बसतील असे रेडिओ मिळतात ते बघावेत, म्हणजे खलनायकाचा भाव उतरतो.

दोन: हातात धरायचा एक लहान रेडिओ घ्यावा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. ही दुसरी टाकी. त्यात साधे पेन्सिल सेल घालता येतील असा घ्यावा, कारण चार्ज करून ठेवायची बॅटरी नेमकी गरजेच्या वेळी घरी चार्जरवर असते. विमानाच्या पत्र्याच्या पोटातून त्याच्या आखूड अँटेनाचा आवाज फार लांब जात नाही, म्हणून बाहेरच्या अँटेनाला जोडायची सोय करून घ्यावी. इंजिनाच्या आवाजात कानाला धरून भागत नाही, तेव्हा कानपट्ट्याची जोडणीही घ्यावी. आणि तो मागच्या सामानात न ठेवता हाताशी ठेवावा.

तीन: सम तारखेला पहिला रेडिओ, विषम तारखेला दुसरा. नियम भिंतीवर लावावा. जो विषम तारखेला पहिल्यावर बोलेल त्याने सगळ्यांना पाव-अंडे खाऊ घालावे.

चार: हे सगळे स्वच्छ हवेत उडणाऱ्यांसाठी. जे ढगात, डोळे बाजूला ठेवून केवळ यंत्रांच्या भरवशावर उडतात, त्यांच्यासाठी दुसरा रेडिओ चांगलाच हवा. त्यांनी साडेपाच हजार खुशाल खर्चावेत. पण दुसरी टाकी त्यांनीही आधी घ्यावी.

अभिप्राय पाठवला. दाताच्या डॉक्टरांना तो रुचला नाही असे कळले. पण तपासणी झाली. जुना रेडिओ ठणठणीत निघाला; अँटेनाच्या एका जोडावर हिरवा गंज होता, तो काढून जोड नवा घातला. हातातला रेडिओ घेतला. दोन्हींचे मिळून कोटेशनच्या पाचव्या हिश्शाएवढेही गेले नाहीत. सम-विषमचा नियम गुरुजींनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून लावला आहे आणि आजवर पाव-अंड्यांचा दंड सगळ्यांत जास्त वेळा त्यांनाच भरावा लागला आहे. सौभाग्यवतीला मी हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "सेल कोण बदलतं?" मेहुण्याला तसा निरोप गेला. आता दर दिवाळीत आणि दर गुढीपाडव्याला सेल बदलतात, ओहायोत.

वाचकहो, तुमच्याकडे विमान नसेल. माझ्याकडेही नाही, पाव हिस्साही नाही. पण गाडी असेल, इन्व्हर्टर असेल, शेजाऱ्यांकडे ठेवलेली घराची दुसरी किल्ली असेल. रविवारी जेवण झाल्यावर, डुलकीच्या आधी, एकदा डिकी उघडा, गोणपाट बाजूला करा आणि त्या पाचव्या चाकाला अंगठ्याने दाबून बघा. अंगठा आत गेला तर दुपारची झोप तेवढी जाईल. पण खंडाळ्याच्या घाटात, पावसात, रात्री साडेअकराला अंगठा आत जाण्यापेक्षा ते बरे.